ओव्हनचा १६ अँपिअरचा प्लग, भिंतीतली जुनी वायर आणि माझे ७,२५० रुपये

दिवाळीच्या आठ दिवस आधी आम्ही ३२,५०० रुपयांचा, ३,००० वॅटचा इलेक्ट्रिक ओव्हन घेतला. त्याचा जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग ओट्यावरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसेना. बसू नये म्हणूनच त्या पिना जाड केलेल्या असतात, हे मला तेव्हाही ठाऊक होते. म्हणून दुकानदाराने पुढे केलेला कन्व्हर्टर, म्हणजे जाड पिनांचा प्लग लहान सॉकेटला जोडणारा तुकडा, मी ठामपणे नाकारला आणि रीतसर पॉवर पॉइंट काढून मागितला. तेव्हा त्याने ‘आमचाच माणूस’ म्हणून एक इलेक्ट्रिशियन पाठवला.

त्याच्या बिलाची रक्कम ६,४०० रुपये होती. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मिळून चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटर छेदाची) ३६ मीटर वायर ३,४२० रुपये, स्विच-सॉकेट आणि बॉक्स ७८० रुपये, मजुरी २,२०० रुपये. काम जेमतेम पंचवीस मिनिटांत संपले. जाताना त्याच्या हातात वायरचे बंडल होते आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन जसेच्या तसे होते. मी स्वतः दार उघडून धरले, ते बंडल माझ्या हाताला घासून गेले, आणि तरीही ३६ मीटर वायर भिंतीत गेली असेल तर हे बंडल न फोडलेले कसे, हा प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. घरातल्या सगळ्या लाइन जिथून निघतात त्या मुख्य पेटीचे, म्हणजे डीबीचे, झाकणसुद्धा त्याने उघडले नव्हते. मी बावीस वर्षे हिशेबाचे काम करते, बिलातली प्रत्येक ओळ मी वाचली होती. पण भिंतीच्या आत काय आहे ते बिलावरून कळत नाही, आणि घरात पाहुणे असताना कोणत्या गृहिणीने पाइपमधून वायर ओढून पाहिली असती?

पहिल्याच दिवशी वीस मिनिटांनी एमसीबी, म्हणजे डीबीमधला भार जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच, पडला. तो माणूस पुन्हा आला, ‘एमसीबी कमजोर आहे’ म्हणाला आणि ८५० रुपये घेऊन १० अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून गेला. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणे म्हणजे धोक्याची सूचना देणारा कायमचा गप्प करणे होय. एमसीबी वारंवार पडत असेल, तर आधी वायर किती स्क्वेअरची आहे ते विचारा.

पाचव्या दिवशी जळका वास आला. सॉकेटच्या उजव्या भोकाभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते. दुसऱ्या, परवानाधारक वायरमनने प्लेट काढून दाखवली, तेव्हा आत जुनीच एक स्क्वेअरची वायर होती आणि तिचे आवरण कडक होऊन बोटाने चुरत होते. ओव्हन एकटाच १३ अँपिअर ओढतो. त्याच लाइनवर फ्रिज आणि पाण्याचा फिल्टरही होता. बदलली होती ती फक्त प्लेट. डीबीपासून खरोखर चार स्क्वेअरची स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी टाकायला त्याला अडीच तास लागले आणि त्याने ५,२०० रुपये घेतले. काम चालू असताना समोर उभे राहा, वायरवर छापलेला आकार स्वतः वाचा, आणि बिलावर परवाना क्रमांक नसेल तर पैसे देऊ नका.

दुकानदाराने ‘तो आमचा नोकर नाही’ म्हणून हात वर केले. पोलीस चौकीत दीड तास बसवून ठेवल्यावर ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे सांगून अर्जही घेतला नाही. वीज कार्यालयात मीटरच्या पुढची जबाबदारी ग्राहकाची, एवढे एकच वाक्य तीन खिडक्यांवर तीन वेळा ऐकले. सरकारी मदत क्रमांकावरची तक्रार दुकानदाराचे उत्तर जसेच्या तसे चिकटवून अकराव्या दिवशी बंद झाली. मला एक फोनही आला नाही. घरात आग लागली असती, तर हीच माणसे पंचनाम्याला आली असती! माझ्याकडे बिल होते, छायाचित्रे होती, जळलेले सॉकेट होते, आणि प्रत्येकाने ते हातात न घेताच मला पुढच्या दारी पाठवले.

पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला फार उशिरा कळले. दोन्ही बिले, वायरमनचा लेखी अहवाल आणि ते सॉकेट लिफाफ्यात घालून मी सोमवारी अर्ज दाखल करणार आहे.