हृदयतपासणी आणि स्मरणचाचणी एकाच सकाळी : विश्रामबागेतील केंद्राचा अनुभव

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर पस्तीस वर्षे दिवाणजी होते. रक्तदाब आणि मधुमेह त्यांना जुनेच आहेत. पण गेल्या दिवाळीपासून सकाळची गोळी घेतली की नाही, हेच त्यांना आठवेनासे झाले. विश्रामबागेतील या केंद्रात हृदयाची तपासणी आणि स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी एकाच भेटीत होते, म्हणून आम्ही तेथे गेलो.

या दोन गोष्टी एकत्र पाहाव्यात असे मला वाटू लागले ते अमेरिकेतील हिस्पॅनिक आणि लॅटिनो लोकांच्या एका अभ्यासाविषयी वाचल्यावर. ब्रॉंक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो येथे २००८ ते २०११ या काळात १६,००० हून अधिक प्रौढांची त्यासाठी तपासणी झाली. काही वर्षांनी त्यांच्यातील मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांच्या बौद्धिक चाचण्या पुन्हा घेतल्या, तेव्हा मधुमेह असलेल्यांची घसरण अधिक दिसली. वाढलेला रक्तदाब आणि साखर मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांचेही नुकसान करतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

केंद्रातील परिचारिकेचे काम मला सर्वांत आवडले. जिना चढून आल्या आल्या अप्पांचा रक्तदाब १६२/९४ आला. तो तसाच लिहून न घेता तिने त्यांना खुर्चीला पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून बसवले, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काका, पाच मिनिटं काही बोलायचं नाही, मग पुन्हा बघू." दुसऱ्या वेळी तो १४६/८८ भरला आणि तिने दोन्ही आकडे नोंदवले. इतक्या वर्षांत इतर कोणी एवढी काळजी घेतल्याचे मला आठवत नाही. ईसीजी आणि रक्ताचे नमुने वेळेवर झाले.

तक्रार आहे ती स्मरणचाचणीबद्दल. प्रश्नपत्रिका इंग्रजी होती आणि तंत्रज्ञ प्रत्येक प्रश्न जागच्या जागी मराठीत सांगत होता. शंभरातून सात-सात वजा करताना अप्पा क्षणभरही अडखळले नाहीत, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केले. पण घाईघाईने भाषांतर करून सांगितलेल्या पाच शब्दांपैकी त्यांना दोनच आठवले. यातला किती भाग विसरण्याचा आणि किती अपरिचित शब्दांचा, हे त्या गुणांवरून कसे ठरवावे? अमेरिकेतील त्या अभ्यासात प्रत्येकाला इंग्रजी किंवा स्पॅनिश यांपैकी त्याला सोयीच्या भाषेत प्रश्न विचारले जात. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचे गुण पदवीधराच्या मापाने मोजले तर निष्कर्ष चुकण्याची भीती असते, हेही केंद्राने ध्यानात घ्यावे.

डॉक्टरांनी मात्र आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्या गुणांवरून निदान केले नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ आल्याने औषध बदलले, रक्तदाब आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहायला सांगितले आणि कानांची तपासणीही सुचवली, कारण नीट ऐकू न येणाऱ्यालाही शब्द आठवत नाहीत. हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

तपासणीसाठी मी हे केंद्र सुचवेन. स्मरणचाचणीचे गुण मात्र तूर्त अंतिम मानू नयेत. पुढच्या भेटीपर्यंत मराठी प्रश्नपत्रिका तयार ठेवू, असे व्यवस्थापकांनी सांगितले आहे. अप्पांची दुसरी चाचणी तीन महिन्यांनी आहे. ती झाल्यावर या अभिप्रायात भर घालीन.