सीपॅप मशीन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

रात्री तीन-चार वेळा जाग, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. पाळी गेल्यावर असं होतंच, असं धरून मी दोन वर्षं काढली. मध्ये झोपेच्या गोळ्याही घेऊन झाल्या. शेवटी लेकीने एका रात्री माझं घोरणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि ऐकवलं. घोरणं चालू, मग एकदम शांतता. मी मनात आकडे मोजत होते, अठरापर्यंत गेले, तेव्हा कुठे हुंदका दिल्यासारखा श्वास आला. हातपाय गार पडले माझे.

मग डॉक्टरांनी स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराची झोपेची तपासणी करायला लावली. त्यात डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला वायरी, छाती-पोटाला पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. रिपोर्ट आला: तासाला ३४ वेळा अडथळा. श्वास निदान १० सेकंद थांबला किंवा बराच उथळ झाला तरच तो मोजतात. ५ च्या आत ठीक, ३० च्या पुढे तीव्र. मला मात्र रात्रीतून तीन-चार वेळाच जाग आल्याचं आठवत होतं. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू दचकून जागा होतो. काही झोपेच्या गोळ्यांनी ते स्नायू आणखी सैल पडू शकतात, हे तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. बायकांमध्ये घोरण्यापेक्षा थकवा आणि निद्रानाशाचीच तक्रार पुढे येते, म्हणून हा आजार अनेकदा लक्षातच येत नाही.

यावर उपाय म्हणून सीपॅप मशीन घेतलं. ते काही औषध सोडत नाही. चेहऱ्यावरच्या मास्कमधून ठरलेल्या दाबाने हवा आत ढकलतं आणि ती हवाच घशाची वाट उघडी धरते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय मांडला, तत्त्व आजही तेच आहे.

पहिले तीन आठवडे मात्र कठीण गेले, ते मशीनमुळे नाही, मास्कमुळे. कडेने हवा निसटून थेट डोळ्यांत जायची. मी पट्टे आवळत गेले, तर नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठले आणि हवा निसटायची ती निसटतच राहिली. रात्री दोनला मास्क काढून उशाशी ठेवलेला मला पुष्कळदा आठवतो. मग टेक्निशियनने मला आडवं झोपवलं, मशीन चालू केलं आणि हवेचा दाब असतानाच पट्टे उलट सैल केले. आडवं झाल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते, बसून लावलेला मास्क म्हणून बसत नाही. माझं तोंड झोपेत उघडतं, त्यामुळे नाकापुरता मास्क सोडून नाक-तोंड दोन्ही झाकणारा घेतला. एवढं नीट करून घ्या, निम्मी लढाई तिथेच आहे.

हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर घ्याच, घसा कोरडा पडत नाही. त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला, नाहीतर क्षार धरतात. थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. मशीन पलंगाच्या पातळीपेक्षा खाली ठेवल्यावर तो आवाज थांबला. मास्कची गादी, म्हणजे चेहऱ्याला टेकणारी मऊ कडा, रोज पुसते, नळी आठवड्याला धुते. प्रवासात ओझं होतं, ते आहेच.

फरक? सकाळची डोकेदुखी दुसऱ्या आठवड्यातच गेली. दिवसाचा थकवा जायला तीन महिने लागले, तेवढा धीर धरा. आता मशीन तासाला २-३ अडथळे दाखवतं. रक्तदाब थोडा उतरलाय, पण गोळी डॉक्टरांनी तीच ठेवलीय. मूळ आजार मात्र यामुळे जात नाही. एका लग्नाला मशीन नेलं नाही, तर पहिल्याच रात्री घोरणं परत. वजन कमी केल्याने काहींचा अडथळ्यांचा आकडा खाली येतो, सौम्य त्रासाला जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरणही चालतं. आणि ज्यांना नुसता निद्रानाश आहे, श्वास अडकत नाही, त्यांना हे मशीन नकोच. त्यांच्यासाठी झोपेच्या सवयी आणि विचारांवर काम करणारी सीबीटी थेरपी आहे. म्हणून आधी तपासणी, मग खरेदी.

माझ्या मास्कची गादी आता मऊ पडलीय, हनुवटीजवळून पुन्हा हवा निसटते. या वेळी एक आकार लहान लावून बघणार आहे, अर्थात आडवी होऊनच.