साधा कपलर की फ्लॅट फेस? पलटी नांगराला काय बसवावं

पलटी नांगर नवा असतो तोवर कपलरकडे, म्हणजे नांगराचा हायड्रोलिक पाईप ट्रॅक्टरला जोडायच्या जोडाकडे, कोणी बघत नाही. गळायला लागला की विचारपूस सुरू होते, आणि हल्ली विचारणाऱ्याचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो, की आता बदलायचाच आहे तर सपाट तोंडाचा, म्हणजे फ्लॅट फेस, बसवू का? मी दोन्ही वापरलेत. साधा सहा वर्षं, फ्लॅट फेस आता तिसरा उन्हाळा. रान काळं आहे, नेवासा-शेवगाव पट्ट्यातलं, स्वतःची नांगरट करून वर भाड्याने पण मारतो, म्हणजे सीझनला दिवसातून दोन-तीनदा तरी पाईप काढ-घाल होतेच. तुमचं काम यापेक्षा कमी असेल तर माझं म्हणणं तेवढ्या हिशोबाने घ्या.

दुकानात मागताना गोंधळ नको म्हणून एवढं सांगतो, साधा म्हणजे आयएसओ 7241 ए आणि फ्लॅट फेस म्हणजे आयएसओ 16028. हे दोन एकमेकांत बसत नाहीत, अर्धा संच बदलून भागत नाही.

साध्यामधलं चांगलं आधी सांगतो. तालुक्याच्या कुठल्याही हायड्रोलिक पाईपवाल्याकडे मिळतो, शेजाऱ्याच्या ट्रॉलीला जमतो, आतली ओ-रिंग गेली तर स्वतः घालता येते. ती काढताना दाभण मात्र वापरू नका, खाचेला ओरखडा पडला की नवी रिंग पण गळते, बांबूची काडी तासून घ्या, आणि रिंगमागची टेफलॉनची चकती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत घाला. आणखी एक, ट्रॅक्टरवरचा फिमेल (पाईपच्या टोकाचा मेल ज्यात शिरतो तो) नीट ब्रॅकेटमध्ये पक्का असेल तर अवजार जोडायची पिन निसटून अवजार मागे राहिलं तरी पाईप आपोआप सुटून येतो, फाटत नाही. बऱ्याच फ्लॅट फेसची बाहेरची रिंग फिरवून लॉक करायची असते, ते असं सुटत नाहीत, पाईपच ताणला जातो. हा मुद्दा लहान नाही.

आता माझं कुठे अडलं ते सांगतो. साध्या मेलचं तोंड उजेडात धरून बघा. मधे आत दाबलं जाणारं टोक, आणि टोकाभोवती गोल खोबण. पाईप काढला की अर्धा चमचा तरी ऑईल सांडतं, नवा कपलर असला तरी सांडतं, ती त्याची बनावटच आहे. ते ऑईल खोबणीत थांबतं, त्यावर रानातली धूळ बसते आणि बघता बघता काजळासारखा लगदा होतो. फडक्याने पुसलं की कडा चकचकीत होतात आणि आपल्याला वाटतं झालं साफ, पण बोट आत जात नाही, लगदा तिथेच. खरं साफ करायचं तर डिझेलमध्ये बुडवलेला जुना टूथब्रश फिरवायचा, टोक बांबूच्या काडीने किंचित दाबून मागची कड बघायची (आत प्रेशर नाही याची खात्री करूनच, नाहीतर फवारा तोंडावर येतो), मग कंप्रेसरची हवा तिरकी मारायची. मी हे शेडमध्ये करायचो. रानात कोण करणार? डोक्यावर ऊन, मागे दुसऱ्या शेतकऱ्याचा फोन, ड्रायव्हर बाहीने पुसतो आणि जोडतो. त्याला बोलण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मी असतो तर मी पण तेच केलं असतं.

एकदा सकाळी शेडमध्ये ट्रॅक्टरखाली परातीएवढा ऑईलचा डाग दिसला. फिमेल रात्रभर ठिबकत होता. रिंग बदलली, तरी ठिबकतोच. शेवटी बाहेर काढून भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं, टोक जिथे बसतं तिथे बनियनच्या चिंधीचा एक दोरा अडकलेला, केसाएवढा, बोटभर पण लांब नाही. म्हणजे आम्ही साफ करायला जे फडकं वापरत होतो त्यानेच ते झालं होतं. दोरा चिमट्याने काढला, गळती बंद. त्या दिवसापासून चिंधी बंद केली, पण मनातून तो कपलर उतरला तो उतरलाच.

कारण गळतीचं मला एवढं काही नाही, आत काय जातंय त्याची भीती जास्त. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरला गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं ऑईल एकच असतं. खोबणीतला लगदा जोडताना सरळ पाईपात, तिथून व्हॉल्व्हमध्ये आणि मग गिअरबॉक्समध्ये. पावसाळ्यात टोपण नसलेल्या कपलरमध्ये पाणी साचून राहतं, ते जोडलं की तेही आत, आणि ऑईल ताकासारखं पांढरट दिसायला लागतं. माझ्या ट्रॅक्टरमध्ये 40 लिटरच्या वर ऑईल बसतं, ते सगळं बदलायचा खर्च एकदा केला की कपलरची किंमत महाग वाटत नाही.

फ्लॅट फेसला खोबणच नाही. दोन सपाट तोंडं, अंगठा फिरवला तरी पुसून निघतात, काढताना फार तर ओलसरपणा राहतो. ड्रायव्हरने बाहीने पुसलं तरी चालतं, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. शेडमध्ये नीट होणारी सफाई आणि बांधावर घाईत होणारी सफाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कपलर बांधावरच जोडला जातो.

पण त्याची खोड पण ऐका. मे महिन्यात नांगर उन्हात पडून असला की पाईप आणि सिलिंडरमधलं ऑईल फुगतं, आत प्रेशर होतं आणि कपलर जुळतच नाही. हे साध्यालाही होतं, पण साध्याचं टोक लोक लाकडावर आपटून प्रेशर सोडतात. ते करू नका असंच मी सांगेन, बारीक धार कातडीत घुसली तर दिसायला टाचणीएवढी जखम असते आणि हात जायची वेळ येते, तसं झालं तर घरी न थांबता लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. फ्लॅट फेसला तर आपटणं बिलकुल चालत नाही, तोंडाला टोचा पडला की सील कापलं जातं आणि मग बहुतेक वेळा अख्खा कपलर बदलावा लागतो. उपाय एकच, काढतानाच नीट काढायचा. नांगर जमिनीवर टेकवायचा, इंजिन बंद, लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवायचा, मग पाईप काढायचा. तरी उन्हाने अडला तर मी सिलिंडरवर आणि पाईपवर ओलं पोतं टाकून थोडा वेळ थांबतो, माझ्याकडे तरी त्याने भागलंय.

टोपणांचं दोन्हीकडे सारखंच आहे. काम चालू असताना ट्रॅक्टरचं टोपण आणि पाईपचं टोपण एकमेकांत अडकवून ठेवायचं, लोंबकळू द्यायचं नाही, नाहीतर टोपणातली धूळच कपलरमध्ये जाते. हरवलं तर दुधाची पिशवी धुऊन, कोरडी करून सायकलच्या ट्यूबच्या रबराने बांधा, नुसत्या उघड्यापेक्षा खूप बरं. तोंडाला ग्रीस फासू नका, धूळ धरतं. वॉशिंग सेंटरवर धुवायला नेला तर आधी टोपणं बघा, जेटची धार उघड्या कपलरवर नको.

पैशाचं म्हणाल तर मला फ्लॅट फेस साध्याच्या अडीच पट पडला, ते पण चार नग. घ्यायच्या आधी व्हॉल्व्हचा थ्रेड (आटे) मोजून घ्या, अर्धा इंच बीएसपी, म्हणजे इंची आटेच, धरून चालू नका, मेट्रिक पण निघतो. काही मॉडेलमध्ये कपलर व्हॉल्व्हच्या बॉडीतच असतो, तिथे एवढं सरळ बदलता येत नाही, मेकॅनिकला दाखवूनच ठरवा.

तुमचं काम मुख्यतः ट्रॉलीचं असेल, आज ह्याची उद्या त्याची ट्रॉली जोडत असाल, तर साधाच ठेवा, टोपणं चांगली घ्या आणि टूथब्रश टूलबॉक्समध्ये ठेवा. नांगर घरचा असेल आणि तो सारखा काढ-घाल होत असेल तर मी फ्लॅट फेसकडे झुकेन. मी तसंच केलंय, नांगराच्या दोन्ही लाईन फ्लॅट फेसच्या, ट्रॉलीच्या जॅकची एकच लाईन जुनी साधी. कोणी त्यांचा साध्या कपलरचा पलटी नांगर घेऊन आलाच तर दोन हातभर पाईप करून ठेवलेत, एका टोकाला फ्लॅट फेस, दुसऱ्याला साधा, दोन्ही टोकांना टोपण लावून सीटमागच्या डब्यात पडलेले असतात.