पहिली ओसी घडवताना: लोलिता, गॉथ की पंक?

ठाण्यात राहणारं, पर्यायी फॅशन करणारं स्वतःचं पात्र, म्हणजे ओसी, घडवायचंय आणि शैली कुठली घ्यावी यावर गाडी अडलीय? मग आधी एवढंच ठरवा की हे पात्र किती वेळा काढायचंय. एकच पोस्टर, की पन्नास पानांचं कॉमिक? माझा निम्मा निकाल तिथेच लागतो.

लोलिता सगळ्यांत मोहक आणि काढायला सगळ्यांत वेळखाऊ. जपानमधली ही शैली युरोपातल्या जुन्या व्हिक्टोरियन आणि रोकोको कपड्यांकडे बघत वाढली. मालिस मिझेर बँडच्या माना या गिटारवादकाने १९९९ साली स्वतःचा ब्रँड काढला आणि तिची काळी, गॉथिक शाखा गाजवली. गुडघ्यापर्यंतचा घंटेसारखा घेर, आत घेर फुलवणारा कॅनकॅन परकर, झालरी, लांब मोजे, गोल टोकाचे पट्ट्याचे बूट, डोक्यावर बॉनेट, म्हणजे हनुवटीखाली बांधायची टोपी, किंवा बो. नाव ऐकून ‘लोलिता’ कादंबरी आठवली तरी भलता अर्थ काढून गळा खोल आणि स्कर्ट आखूड करू नका. ही शैली जगणाऱ्यांना नेमकं तेच खटकतं.

गंमत आणि ताप दोन्ही त्या घेरात आहेत. हिला लोकलच्या लेडीज डब्यात चौथ्या सीटवर बसवून बघा. अर्धा घेर पॅसेजमध्ये, उरलेला शेजारच्या बाईच्या डब्याच्या पिशवीवर, आणि ही दोन्ही हातांनी झालर दाबून धरतेय. एका चित्रात अख्खा स्वभाव कळतो. पण पुढच्या पॅनेलमध्ये ती उठली की प्रत्येक चुणी नव्याने मांडायची. शिवाय कापडावरचं प्रिंट तुमचं स्वतःचं हवं. नामांकित ब्रँडचे प्रिंट चाहते लांबूनही ओळखतात, आणि ते उचललं तर पात्र तुमचं राहत नाही.

गॉथ त्या मानाने हाताला सोपं, डोक्याला अवघड. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये पंकनंतरच्या संगीतातून ते उगवलं. १९८२ साली लंडनच्या सोहोत उघडलेला ‘बॅटकेव्ह’ क्लब त्याचा अड्डा. म्हणून पात्राने काळं घातलं की काम झालं असं नाही, ती ऐकते काय तेही माहीत हवं. चित्रात काळा रंग तपशील गिळतो. मखमल, जाळी, लेस वेगवेगळी दिसायची तर चकाकीच्या रेषा जपून ठेवाव्या लागतात, आणि आकृती ओळखू येते ती विस्कटून फुलवलेल्या केसांमुळे आणि टोकदार बुटांमुळे. काजळ आपल्याकडे घरोघरी असतं, त्यामुळे नुसत्या काळ्या डोळ्यांवर गॉथ उभं राहत नाही. आणि कृपा करून हडळ करू नका.

पंकची मुळं लंडनच्या किंग्ज रोडवर. तिथल्या ४३० क्रमांकाच्या दुकानात फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड आणि सेक्स पिस्टल्स या पंक बँडचे मॅनेजर माल्कम मॅक्लॅरन यांनी जे विकलं, त्यातून फाटके शर्ट, सेफ्टी पिना, पट्टे जोडलेल्या पँट्स यांची भाषा ठरली. दुकानाबाहेर मात्र पोरं हाताशी येईल ते कापून, टोचून, रंगवून घालत होती. ठाण्यात रुजवायला म्हणूनच हे मला सगळ्यांत सोपं वाटतं. तिचं जॅकेट वागळे इस्टेटमध्ये कामाला असलेल्या काकांचं. खिशावरचा कंपनीचा शिलाईचा बिल्ला तिने उसवलेला नाही, त्याच्यावर आडव्या पिना टोचल्यात. बाह्या कापल्यात त्या सरळ नाहीत, कारण कात्री भाजी निवडायची. असा एक तपशील धातूच्या दहा स्टडपेक्षा जास्त बोलतो. पिना किती आणि कुठल्या बाजूला, हे मात्र कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रावर, पक्कं करा, नाहीतर चौथ्या पानावर त्या डावीकडून उजवीकडे उडी मारतात. आणि राग कशाचा ते शोधा. घोडबंदर रोडचा ट्रॅफिकही चालेल, पण राग खरा हवा.

डेकोरा या चौथ्या शैलीचाही मोह होईल. केसांत, गालांवर, मनगटांवर क्लिपा, मणी, खेळणी. एका स्टिकरसाठी झकास, कॉमिकसाठी नको. क्लिपांचा तोच लेयर कॉपी-पेस्ट केला की डोकं वळताच उघडं पडतं.

कॉस्प्ले म्हणून स्वतः घालायचं असेल तर गणित बदलतं. घागरे शिवणारा टेलर लोलिताचा घेर आणि कॅनकॅन समजून घेतो, पण कापड आणि लेस भरपूर लागते. गॉथची मखमल मे महिन्यात अंगावर ठेववत नाही, तिथे कॉटन आणि जाळी घ्या. पंक जुन्या कपड्यांत भागतं.

माझं मत सरळ आहे: पहिलं पात्र आणि कॉमिक असेल तर पंक, एकच मोठं चित्र आणि कापड काढायची हौस असेल तर लोलिता. गॉथ दोन्हीकडे चालतं, फक्त शाईवर हात बसलेला हवा. दोन शैली मिसळायच्याच असतील तर आकृती एकीची घ्या आणि दुसरीचे फक्त तपशील. लोलिताच्या घेरावर सेफ्टी पिना शोभतात, घेर आणि विस्कटलेले उंच केस एकत्र आले की दोघं एकमेकांच्या अंगावर येतात.