सायकल आणि स्केटबोर्डवरची मुलांची पुस्तके : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये आम्ही मुलांसाठी सायकल आणि स्केटबोर्ड शिकण्यावरची तीन इंग्रजी पुस्तके घेतली. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि त्याची सायकल बाजूला लावलेल्या दोन छोट्या चाकांच्या आधाराने चालत होती. मुलगी नऊ वर्षांची होती आणि मामाने वाढदिवसाला दिलेला तिचा स्केटबोर्ड पुण्याच्या पावसामुळे पलंगाखाली पडून होता. आता मार्च उजाडला आहे आणि तिन्ही पुस्तकांवर चेनच्या काळ्या तेलाचे ठसे उमटलेले आहेत. बाहेरून येणारी अशी पुस्तके नेहमी मिळतातच असे नाही, त्यामुळे मी त्यांची नावे न देता त्यांत काय पाहून घ्यावे एवढेच सांगते.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो सायकलच्या माहितीपुस्तकाचा. त्यात शिकवण्याची पद्धत सरळ दिलेली आहे: बाजूची चाके काढावीत, पायडलही काढावेत, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि मुलाला पायांनी ढकलत सायकल पळवू द्यावी. बाजूची चाके का नकोत, याचे त्यातले स्पष्टीकरण मला फार पटले. त्या चाकांमुळे सायकल कलतच नाही, आणि ज्या बाजूला आपण पडतो आहोत त्याच बाजूला हँडल किंचित वळवून तोल सावरायचा असतो, ही मुख्य गोष्ट मुलाच्या हातांना कधी कळतच नाही. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तो सैल करायला पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, हेसुद्धा त्यात चित्रासह दाखवले आहे. हे वाचले नसते तर मी तो आटा नक्कीच खराब केला असता. पंधरा नंबरचा पाना घरात नव्हता, म्हणून सायकल दुकानात गेलो, तेव्हा पुस्तक छातीशी धरून उभ्या असलेल्या मुलाने दुकानदारकाकांना हे आधीच सांगून टाकले आणि काकांनीही ते पान मनापासून पाहिले.

पुस्तकात थोडा इतिहासही आहे आणि तो योग्य जागी आलेला आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी बनवलेल्या दुचाकीला पायडल नव्हते, चालवणारा पायांनीच जमीन ढकलत जात असे. "म्हणजे माझी सायकल आता पहिल्या सायकलसारखी झाली," असे म्हणून मुलाने ते पान आजीलाही वाचून दाखवायला लावले. पायडल नसलेल्या सायकलवरून इमारतीतली मुले चिडवू लागली होती, त्यावर त्याच्याजवळ हे उत्तर तयार झाले. सतरा दिवसांनी आम्ही पायडल पुन्हा लावले आणि पार्किंगमधल्या चार खांबांमधले अंतर त्याने कोणीही न धरता पार केले.

दुसरे पुस्तक गोष्टीचे आहे. चित्रे सुंदर, मजकूर थोडका, झोपताना वाचायला छान. मात्र त्यामुळे एक अपघात झाला आणि तो सांगणे मला आवश्यक वाटते. गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथल्या लहान मुलांच्या सायकलींना बहुधा पायडल मागे दाबले की लागणारा ब्रेक असतो, आणि गोष्टीतली मुलगी उतारावर तसेच करून थांबते. आपल्याकडच्या सायकलला हाताचे ब्रेक असतात, पायडल मागे फिरवले तर ते नुसतेच फिरत राहते. मुलाने इमारतीच्या उतारावर पुस्तकातल्याप्रमाणे पायडल मागे मारले आणि तो थेट कुंड्यांवर जाऊन आदळला. कोपर सोलले, हनुवटीला खरचटले, आणि रडता रडता तो म्हणाला, "आई, पुस्तकात तर थांबते ना!" त्याचे ते वाक्य ऐकताना मला फार वाईट वाटले, कारण ते पान मी त्याला दहा वेळा तरी वाचून दाखवले होते आणि एकदाही हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. त्या रात्री आम्ही त्या पानावर पेन्सिलीने लिहिले: "आपली सायकल हाताने थांबते." याच पुस्तकात सायकली रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात, हेही पालकांनी वाचतानाच सांगावे. एका चित्रात चेन सायकलच्या डाव्या अंगाला काढलेली आहे. ही चूक मुलानेच खाली जाऊन, आपली सायकल निरखून शोधली. चूक प्रकाशकाची असली तरी त्या निमित्ताने त्याचे यंत्राकडे लक्ष गेले.

स्केटबोर्डच्या पुस्तकाबद्दल माझे मत संमिश्र आहे. भागांची माहिती उत्तम आहे: मेपल लाकडाच्या साधारण सात पातळ थरांची फळी, वरचा खरखरीत कागद, खालचे धातूचे ट्रक, म्हणजे ज्यांवर चाके बसतात ते आस, आणि युरेथेन या चिवट प्लॅस्टिकची चाके. आधीची चाके मातीची किंवा लोखंडाची असत आणि १९७०च्या दशकात युरेथेन आल्यावर बोर्डची पकड कशी सुधारली, हे तिथे मुलांना समजेल असे लिहिले आहे. चाक जेमतेम पाच सेंटिमीटरचे असल्यामुळे एवढासा खडाही बोर्ड जागीच थांबवतो आणि माणूस मात्र पुढे जातो. हे वाचल्यापासून मुलगी बोर्ड काढण्याआधी स्वतः झाडू घेऊन जागा झाडते. पण कोणता पाय पुढे ठेवायचा, ढकलायचे कसे, थांबायचे कसे याला मिळून दोन पाने, आणि उड्यांना वीस! नवशिक्या मुलाला पहिले तीन महिने त्या दोन पानांतलेच लागते. मनगटाच्या संरक्षक पट्ट्यांचा उल्लेख तर एका ओळीत उरकला आहे, जेव्हा पडताना मूल सर्वांत आधी हातच टेकते. आम्ही पट्ट्या घेतल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिचे मनगट वाचवले.

शेवटच्या पानांत २०२१च्या टोकियो ऑलिंपिकचा फोटो आहे. स्केटबोर्डिंगच्या महिलांच्या स्ट्रीट प्रकारात (पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवरच्या) सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघी, जपानची मोमिजी निशिया आणि ब्राझीलची रायसा लेआल, तेरा वर्षांच्या होत्या. मुलीने लगेच स्वतःची वर्षे मोजली. मग तिने विचारले की, आपल्याकडच्या मुली यात का नाहीत. मी तिला मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावाबद्दल सांगितले. तिथे २०१५ साली मुलांसाठी स्केटपार्क बांधला गेला, आणि शाळेत न जाणाऱ्याला बोर्ड नाही व मुलींचा नंबर आधी, असे तिथले नियम आहेत. त्यावर तिचा हट्ट एकच, हे पुस्तकात असायला हवे होते. मला तिचे म्हणणे पूर्ण पटते. या विषयावर मराठीत असे एखादे पुस्तक मिळावे म्हणून मी तीन दुकाने पालथी घातली आणि रिकाम्या हाताने परतले. नऊ महिने मी इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीने "तोल", "कल", "आटा", "उतार" असे शब्द लिहीत वाचते आहे.

तिन्ही पुस्तकांत मिळून जे नाही ते म्हणजे पंक्चर. आमच्या रस्त्यांवर तेच सर्वांत जास्त घडते. दुकानदारकाका ट्यूब पाण्याच्या टबात दाबतात, बुडबुडे येतील तिथे खूण करतात, घासून सोल्युशन लावतात आणि ते थोडे सुकेपर्यंत थांबून मगच ठिगळ चिकटवतात. मुलाने हे सारे चार चौकटींत काढून पहिल्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवले आहे. बांधणी सैल झाल्यामुळे त्याच पुस्तकाची मी दुसरी प्रत मागवली आहे, पण ते पान कोणत्या प्रतीत राहणार यावर अजून घरात एकमत झालेले नाही.