नेरूळची सदनिका व्यवस्थापन सेवेकडे दिली, त्या दोन वर्षांचा अनुभव

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो आणि नेरूळमधील आमचा वन बीएचके गेली अनेक वर्षे भाड्याने देतो. पूर्वी सगळे मी स्वतः पाहत असे. यजमानांच्या आजारपणामुळे ट्रान्स-हार्बरने वरचेवर नेरूळला जाणे जमेनासे झाले, म्हणून २०२३ च्या जूनमध्ये भाड्याची घरे सांभाळणाऱ्या एका सेवेकडे ते घर सोपवले. सेवेचे नाव येथे देत नाही. अशा सेवेकडून कोणते काम घ्यावे आणि कोणते आपल्या हाती ठेवावे, एवढेच मला सांगायचे आहे. त्यांचा दर महिन्याच्या भाड्याच्या आठ टक्के होता. भाडे २६,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,०८० रुपये.

कागदपत्रांचे काम त्यांनी उत्तम केले, हे आधी सांगायला हवे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे आजही कितीतरी जण समजतात, ते चूक आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. सेवेचा मुलगा अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला. माझ्या बोटांचे ठसे चटकन उमटत नाहीत. त्याने बोटे पुसायला लावली, थोडा वेळ जाऊ दिला आणि न कंटाळता चौथ्या वेळी ठसा घेतला. पोलिस ठाण्याला भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवणे, सोसायटीला कराराची प्रत देणे, हेही आठवड्याभरात झाले.

मात्र याच कामाचे बिल ६,५०० रुपये आले आणि त्यात कसलाही तपशील नव्हता. मी हिशेब मांडून पाहिला. चोवीस महिन्यांचे भाडे ६,२४,००० रुपये, एक लाख अनामतीवर दरसाल १० टक्क्यांनी दोन वर्षांचे व्याज २०,००० रुपये, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे १,६१० रुपये. महापालिका हद्दीतील नोंदणी फी १,००० रुपये आणि किरकोळ हाताळणी खर्च. बाकीचा त्यांचा मेहनताना होता आणि तो घेण्याबद्दल माझी तक्रार नाही, पण तो वेगळा लिहून द्यायला हवा होता. सोसायटीच्या बिलाचेही तसेच. भाड्याच्या घरावरचे बिनभोगवटा शुल्क सोसायटीच्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त आकारता येत नाही. आमच्या बिलात ते सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीची राखीव वर्गणी) धरून एकूण रकमेवर लावले होते आणि सेवेने ते बिल सात महिने तसेच भरले. मी सोसायटीच्या व्यवस्थापकांना दाखवताच त्यांनी पुढच्या बिलात फरक वळता केला.

खरी परीक्षा २०२४ च्या पावसाळ्यात झाली. खालच्या मजल्यावरील काकांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली आणि पोपडे पडू लागले. सेवेने तीन वेळा माणूस पाठवला. पहिल्याने नळाचा वायसर बदलला, दुसऱ्याने फरशीच्या फटीत व्हाइट सिमेंट भरले आणि तिसऱ्याने, पाऊस बाहेरच्या भिंतीतून येतो आहे, हे सोसायटीचे काम आहे, असे सांगून टाकले. खाली काकांच्या घरात जाऊन छत पाहावे, असे तिघांपैकी एकालाही वाटले नाही. शेवटी काकांचाच फोन आला आणि त्यांच्या आवाजातला संकोच ऐकून मला फार वाईट वाटले, कारण वीस वर्षांचा आमचा शेजार आहे.

दुसऱ्या दिवशी मी नेरूळला गेले. आधी नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी वाहून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड फडक्याने घट्ट बंद केले, बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून फरशीवर ओतली आणि तीन तास थांबले; खाली काही उतरले नाही. मग फडके काढून तेच पाणी ट्रॅपमधून जाऊ दिले. संध्याकाळी काकांच्या छतावर पाइपाभोवती फिकट निळे कडे उमटले होते. फरशी ठीक होती, ट्रॅपचा सांधा गेला होता. चार लाद्या काढून ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी साठवून पाहिले, ९,००० रुपयांत काम झाले. भाडेकरू मुलगी म्हणाली, "काकू, आम्ही ॲपवर तीनदा फोटो टाकले, पण दर वेळी तक्रार बंद झाल्याचाच मेसेज आला." त्या दोघा भाडेकरूंनी पहाटेच्या पाळ्या सांभाळून दोन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळी केल्या आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. अशा भाडेकरूंची चौकशी करून त्यांना निवडण्याचे श्रेय सेवेलाच आहे, हेही मी मान्य करते.

भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत खात्यात आले, एकदाही चुकले नाही. तरीही दरमहा आठ टक्के घेणाऱ्याने वर्षातून दोनदा, निदान पावसाळ्याआधी, घर डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे; त्यांच्या करारात अशा भेटीचा उल्लेख आहे, पण दोन वर्षांत एकही भेट झाली नाही. ज्यांचे घर परगावी आहे किंवा जे परदेशात राहतात, त्यांनी सेवा घ्यावी, पण भेटीची तारीख आणि छायाचित्रांसह अहवाल या दोन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. ठाण्यात राहून नेरूळ किंवा वाशीचे घर पाहणाऱ्याला भाडेकरू शोधणे आणि नोंदणी एवढेच काम ठरावीक रकमेत देणे परवडते.

नव्या करारात मी तेच केले आहे. दरमहाची टक्केवारी बंद केली, भाडेकरू तेच राहिले आणि दुरुस्तीसाठी ते आता थेट मला फोन करतात. काकांच्या छताला रंग देण्याचा खर्च आम्हीच उचलला.