रस्त्यात घर गेलं: रोख मोबदला घ्यावा की टीडीआर?

नाशकात महामार्गावरच्या चौकाचा विषय महापालिकेच्या महासभेत आला की उड्डाणपूल हवा की भुयारी मार्ग, सिंहस्थाआधी काम उरकेल का, द्वारका चौकातल्या कोंडीचं काय, यावरच सगळे बोलतात. ज्याच्या भिंतीवर मोजणीवाले लाल खूण करून गेलेत, त्याला वेगळीच काळजी असते: जागा तर जाणार, बदल्यात घ्यायचं काय? आमच्या घराला हा निर्णय दोनदा घ्यावा लागला. पहिल्यांदा वडिलांच्या नावावरची मोकळी पट्टी रस्त्यात गेली, तेव्हा टीडीआर घेतला, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क. दुसऱ्यांदा राहत्या तीन खोल्या आणि पुढचा गाळा गेला, तेव्हा रोख घेतली. म्हणून दोन्हींबद्दल लिहितोय.

आधी जागा कोण घेतंय ते बघा. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्याखाली संपादन असेल तर मोबदला पैशातच मिळतो, आणि रक्कम पटली नाही तर कलम ३जी(५) प्रमाणे लवादाकडे जायचं. विकास आराखड्यातल्या रस्त्यासाठी महापालिका जागा घेत असेल, तर एमआरटीपी (राज्याच्या नगररचना) कायद्याच्या कलम १२६ मध्ये दोन्ही वाटा आहेत. टीडीआर तुमच्या संमतीनेच द्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. नोटिशीवर कुठला कायदा आणि कुठलं कलम आहे ते वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका.

टीडीआर कागदावर फार गोड दिसतो. दाट वस्तीच्या हद्दीत दिलेल्या जागेच्या तिप्पट, बाहेर दुप्पट. आम्हालाही तेच दिसलं. पण हे चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचं क्षेत्रफळ, जिथे वापरायचं तिथला रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेला जमिनीचा) दर आडवा येतो. तुमच्या जागेचा दर २०,००० आणि बिल्डरच्या प्लॉटचा ४०,००० असेल, तर तुमचे २०० चौरस मीटर त्याच्याकडे १०० च भरतात. महागड्या गंगापूर रोडवरच्या मालकाला याचा फारसा फटका नाही, शहराच्या कडेला जागा गेलेल्याला मात्र चांगलाच बसतो. शिवाय टीडीआर मोजतात तो जमिनीच्या क्षेत्रफळावर. भिंती, विहीर, दारातलं आंब्याचं झाड त्यात धरत नाहीत. मोकळी पट्टी होती म्हणून तेव्हा आम्हाला ते टोचलं नाही.

टोचलं ते पुढे. प्रमाणपत्र हातात आल्यावर गिऱ्हाईक शोधायला लागलो आणि कळलं की याचा भाव कुठेच लिहिलेला नसतो. एक एजंट रेकनरच्या इतके टक्के सांगायचा, दुसरा त्याहून कमी, तिसरा म्हणायचा, "सध्या बाजारात माल खूप आलाय काका, दोन महिने थांबा." थांबलो की भाव आणखी उतरलेला. मग एक बिल्डर भेटला, त्याला अर्धाच हवा होता. उरलेला अर्धा कपाटात. माझी नोकरी सांभाळून दर शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात सोफ्यावर बसून राहायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं, असं अडीच वर्षं चाललं. मला पैशापेक्षा त्या बसण्याचा त्रास झाला. समोरच्याला बरोबर कळायचं की याला घाई आहे, आणि तो त्या घाईचाच भाव करायचा. वडील रोज संध्याकाळी विचारायचे, "काय म्हणाला?" आणि माझ्याकडे सांगायला आकडा नसायचा.

म्हणून खोल्या जायची वेळ आली तेव्हा मी घरात सरळ सांगितलं, आता रोखच.

रोख म्हणजे हातोहात असं समजू नका. संयुक्त मोजणीपासून पैसे खात्यात येईपर्यंत आमचे चौदा महिने गेले. त्यातले चार निव्वळ वारस नोंदीत, कारण प्रॉपर्टी कार्डवर अजून आजोबाच होते. येवल्याच्या आत्याची सही आणायला मी तीनदा गेलो. वारसांत वाद असेल तर रक्कम भूसंपादन प्राधिकरणाकडे जमा होऊन पडते, तेव्हा भाऊबंदकी आधी मिटवा. पण या साऱ्या वाटेत पुढची पायरी कोणती ते मला माहीत होतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आकडा कसा निघतो ते लिहिलेलं आहे: बाजारमूल्य, त्यात बांधकाम आणि झाडांची किंमत, त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत (म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के. कलम ९६ मुळे निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर नाही. हिशेब चुकला असं वाटलं तर दाद मागता येते. एजंटाच्या भावाविरुद्ध दाद कुठे मागणार?

टीडीआर सगळ्यांनाच वाईट असं मी म्हणणार नाही. पुढची पट्टी जाऊन मागे मोठा प्लॉट शिल्लक असेल आणि तिथे स्वतःच इमारत उभी करायची असेल, तर बदल्यातला एफएसआय, म्हणजे वाढीव चटईक्षेत्र, त्याच जागेवर वापरा. मधे एजंटच येत नाही, आणि तिथे तो रोखीपेक्षा बराच सरस ठरू शकतो. रेकनरचा दर तुमच्या गल्लीतल्या खऱ्या व्यवहारांपेक्षा फार खाली असेल तरीही जाणत्या माणसाला विचारून बघावं. पण राहतं घरच जात असेल तर मला नाही वाटत तो कागद परवडेल. नव्या घराचा मालक विसार पैशात मागतो. आम्ही म्हसरूळला जुनं रो-हाऊस घेतलं ते त्या रकमेतूनच, आणि आई नव्या घरात दोन दिवाळ्या बघून गेली.

आमच्या गाळ्यात सतरा वर्षं एक शिंपी होते. निवाडा मालकाच्या नावाने निघाला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी माझ्या रकमेतून त्यांना नव्या गाळ्याची अनामत दिली, पण २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंबाच्या व्याख्येत भाडेकरूही येतात, आणि हे मला फार उशिरा कळलं. तुमच्या जागेत कुणी भाड्याने असेल तर संयुक्त मोजणीच्या दिवशीच त्यांना हजर ठेवा आणि पंचनाम्यात त्यांचं नाव, धंदा, किती वर्षांपासून आहेत ते लिहून घ्या. टीडीआर घेणार असाल तरीसुद्धा.